पान बेचाळीस

जयपूरला मी तीन वर्षं शिकवलं आणि त्यातलं एक वर्ष चक्क लबाडी केली. त्याचा मला अजूनही पश्चात्ताप होत नाही.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. नवऱ्याची बदली जयपूर छावणीत झाली आणि खातीपुऱ्याजवळ फौजींच्या मुलांच्या शाळेत मला चौथीचं गणित मिळालं. वर्गात अडतीस मुलं. कुणी आसामातून, कुणी झाशीहून, सगळी वर्षाच्या भलत्याच महिन्यात आलेली. सततच्या बदल्यांमुळे एखादा लसावि तीन शाळांत तीनदा शिकलेला, पण भागाकार कुठेच नाही! आमच्या बड्या मॅडमचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा, नियम मात्र ठाम होता : सगळ्यांनी एकाच दिवशी एकच पान शिकायचं.

मी साताऱ्याची. असला नियम ऐकला की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालायला लागतं. मी वर्गाचे पाच गट केले आणि ज्याला जे येत नव्हतं ते त्याला देऊ लागले. डायरीत मात्र मॅडमना आवडेल तेच लिहायची. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तो व्हरांड्यात खुळखुळला की दाराजवळची मुलगी खोकायची आणि अख्खा वर्ग बेचाळिसावं पान उघडून एका सुरात वाचायला लागायचा. इतकी साळसूद मुलं मला पुन्हा मिळाली नाहीत.

ऑगस्टमध्ये एका हवालदाराची मुलगी आली, आपल्याकडचीच, सांगलीची. वडील फील्डवर, म्हणजे सरहद्दीवर गेलेले. तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून मायलेकी जयपूरच्या क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. ही चौथी शाळा, आणि अपूर्णांक प्रत्येक ठिकाणी हुकलेले. ती बोलायचीच नाही. बड्या मॅडमनी सांगून टाकलं, "दशहरे तक नहीं आया, तो तीसरी में बिठाइए." आधीच मुकी झालेल्या पोरीला लहान मुलांच्या बाकावर बसवायचं? माझ्या पायाची आग मस्तकाला गेली.

पाव, अर्धा, पाऊण सांगून झालं. पोळ्या कागदावर काढून झाल्या. पोरगी ढिम्म. मग एक दिवस मला फौजी घरातल्या काळ्या पत्र्याच्या पेट्या आठवल्या. बदलीचा हुकूम आला की त्या भरायला आमच्यातली पाच वर्षांची पोरंसुद्धा शिकतात. मी तिला पाटीवर पेटी काढून दिली. "अर्ध्या पेटीत भांडी, पाव पेटीत गोधड्या. रिकामी किती राहिली गं?"

"पाव," ती लगेच म्हणाली. "पण भांडी खाली ठेवायची, मॅडम. तुम्ही वर ठेवली."

त्या दिवसापासून आम्ही पेट्याच भरल्या. मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी नवऱ्याला रोज तेच ऐकवायची. बिचारा मान डोलवत जेवायचा.

दसऱ्याला आठ दिवस असताना किल्ल्या वाजल्या, खोकला आला, बेचाळिसावं पान सुरू झालं. बड्या मॅडम दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "जुलाई से आपकी क्लास इसी पेज पर है. इतना मुश्किल है क्या?"

मूर्खपणा माझाच. रोज नवं पान ठरवायचं मला सुचलंच नव्हतं! पण त्यांना डायरी नको होती, ती मुलगी हवी होती. त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, "आधे में से एक तिहाई गया. कितना बचा?"

हे आम्ही केलंच नव्हतं. आम्ही नुसत्या पेट्या भरल्या होत्या, रिकाम्या कधी केल्या नव्हत्या. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

मुलीनं फळ्यावर पेटी काढली. तिचे सहा खण केले. तीन खण खडूनं भरले. मग त्यातले दोन बोटानं पुसले. "एक खाना बचा, मॅडमजी. एक बटा छह."

वर्गानं टाळ्या वाजवल्या, अर्थात न विचारता. मी विजयी चेहऱ्यानं बड्या मॅडमकडे पाहिलं. त्या फळ्याकडेच पाहत होत्या. खाली वाकून त्यांनी हळूच विचारलं, "और बेटा, इस खाने में क्या है?"

"पापा का स्वेटर," ती म्हणाली. "बाकी वो ले गए. ये मैंने छुपा लिया था."

बड्या मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "चौथी में ही रहेगी." डायरीबद्दल एक शब्द न बोलता त्या निघून गेल्या.

प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवते म्हणून मी मिरवत होते. महिनाभर त्या पोरीबरोबर रोज पेट्या भरल्या, पण तिच्या घरच्या पेटीत काय आहे, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.