आपलं मशीन

माझा धाकटा भाऊ त्या गेमच्या मशीनला कंपनीच्या नावाने कधी ओळखत नसे. ते 'आपलं मशीन' आणि दुसऱ्या कंपनीचं ते 'त्यांचं'. 'आपल्या'ला कोणी नावं ठेवली की हा असा तापायचा, जणू याच्या आजोबांनीच ती कंपनी काढली होती. कंपनीला नफा झाल्याची बातमी आली की मला पाठवायचा आणि खाली लिहायचा, 'बघ ताई!' शेअर एकही नव्हता याच्याकडे. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत कितीतरी घरांना त्याने ते मशीन घ्यायला लावलं आणि सुटीच्या दिवशी स्वतः जाऊन जोडून दिलं. कमिशन सोडाच, कंपनीला याचं तोंडही माहीत नव्हतं.

माझ्याकडचं मशीन त्यानेच भाऊबीजेला ओवाळणीत घातलेलं. साडीऐवजी हा भला मोठा खोका बघून आमचे हे म्हणाले, "आता स्वयंपाकाचं काय?" मी म्हटलं, "तुम्ही शिका."

आम्ही दोघं एकच खेळ खेळायचो, ट्रकचा. रविवारी दुपारी जेवणं उरकली की तो मनमाडहून आणि मी नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरातून, कानाला हेडफोन लावून एकाच ट्रकमध्ये बसायचो. तो गाडी चालवायचा, मी नकाशा बघायचे. माल पोचवायचा, बस्स. लांबच लांब घाट, मध्येच एखादा ढाबा, पुन्हा घाट. माझ्या मुलाला हा खेळ बघूनच झोप यायची. आम्हाला तोच हवा होता, कारण त्या रस्त्यांवर बोलता यायचं.

समोर बसवून विचारलं तर माझा भाऊ 'बरंय'च्या पुढे जात नाही. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, पोरगा किती खंबीर. तो रडला ते काही आठवड्यांनी, त्या ट्रकमध्ये. "ताई, पुढे डावीकडे का उजवीकडे?" असं विचारता विचारता त्याला हुंदका फुटला. "उजवीकडे," मी म्हटलं आणि त्याला रडू दिलं. असाच एकदा चढावर तो म्हणाला, "ती माहेरी गेलीय. पोरीला घेऊन." भांडण साधंच होतं, पण दोघंही हट्टी. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भावजयीकडे लासलगावला गेले. तिचं सगळं ऐकून घेतलं, त्याचं थोडं सांगितलं, थोडं गाळलं आणि संध्याकाळी मायलेकींना मनमाडला पोचवून आले.

मग कंपनीने ऑनलाइन खेळायची महिन्याची वर्गणी वाढवली. "चालायचंच ताई, त्यांनाही पगार द्यावे लागतात," भाऊ म्हणाला. पुढे दोघांनी मिळून खेळायची सोय साध्या वर्गणीतून काढली आणि महागड्या वर्गणीत नेली. तीही त्याने भरली, माझीसुद्धा. आणि एके दिवशी स्क्रीनवर निरोप आला. 'प्रिय खेळाडू, हा खेळ आता बंद होत आहे, त्याच्या जागी नवा येत आहे.' नवा घेऊन बघितला. रस्ते आखूड, नुसत्या शर्यती आणि प्रत्येक वळणावर काहीतरी विकायला मांडलेलं. चाकं, रंग, भोंगे. श्वास घ्यायला उसंत नाही, बोलणार कधी? भावाने कंपनीला कळकळीने लिहिलं की जुना खेळ राहू द्या, हवं तर जास्त पैसे घ्या. उत्तर आलं की तुमच्या निष्ठेबद्दल आम्ही आभारी आहोत, नव्या खेळातल्या भोंग्यांवर तुम्हाला खास सवलत देत आहोत.

वर्गणी वाढली तेव्हा त्याला लागलं नव्हतं, ते त्या सवलतीने लागलं.

"गिऱ्हाईक समजले ताई ते मला," तो म्हणाला. "होतोच म्हणा. मलाच नाय कळलं."

त्याच सुमारास कंपनीच्या विक्रमी नफ्याची बातमी आली. ती त्याने मला पाठवली नाही. मशीन खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. कॉलनीत कोणी विचारलं तर सांगू लागला, "कुठलंही घ्या, ते घेऊ नका."

मी पतसंस्थेत काउंटरला बसते. दुसरीकडे व्याज जास्त मिळतं हे माहीत असूनही आमचे म्हातारे सभासद उन्हातान्हाचे आमच्याकडेच येतात, कारण इथे त्यांना कोणी तरी 'गुडघा कसा आहे' म्हणून विचारतं. हे त्या एवढ्या मोठ्या कंपनीला कळू नये याचा मला संताप येतो. असा एकेक माणूस गमावून त्यांचं काय होईल ते त्यांचं ते बघतील. माझं काय गेलं ते त्यांच्या कुठल्याच हिशोबात येणार नाही.

रविवारी आता मी फोन करायचे. "बोल," तो म्हणायचा. "काही नाही, तू बोल. जेवलास?" "हो." "पोरगी कुठंय?" "शिकवणीला." मग "ठेवतो" म्हणून तो फोन ठेवायचा. भावजय माझा फोन उचलायची नाही. मला वाटायचं, कामात असेल.

या वर्षी गणपतीला तो नाशिकला आलाच नाही, ड्युटी लागली म्हणाला. म्हणून मोदकांचा डबा घेऊन मीच मनमाडला गेले. दाराशी त्याच्या एकट्याच्याच चपला. ओट्यावर खानावळीचा डबा. मुलीच्या खोलीत पंख्यावर धूळ.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? तिनेही नाही?"

"तिला मीच म्हटलं, ताईला मी सांगतो."

"मग?"

"सांगणार कुठे ताई? खेळ बंद झाला ना."

मी भडकले. फोन होता, मी होते, दीड-दोन तासांवर घर होतं. तोंडाला येईल ते बोलले आणि पर्स उचलली. "चल, निघते मी लासलगावला. आत्ताच्या आत्ता. मी बोलते तिच्याशी."

"बस ताई," तो म्हणाला. माझ्या हातातली पर्स घेऊन त्याने बाजूला ठेवली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "सह्या झाल्या. पोरगी तिच्याकडे राहणार. महिन्यातून एकदा मला भेटवणारेत."

मला रडू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या भावाने समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून मला काही सांगितलं होतं आणि त्यावर मला करता येण्यासारखं आता काहीच नव्हतं.