चौसष्ट केबीचे घरमालक

चूक माझीच होती. नांदे गावातल्या माझ्या घरमालकांचा सर्व्हर मी गंमत म्हणून हिंजवडीच्या अख्ख्या ऑफिसला दाखवला.

त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर होता. मेमरी जेमतेम चौसष्ट केबी. तेवढ्यात वेब सर्व्हर बसवायचा म्हणून ते कित्येक महिने प्रोग्राममधली एकेक ओळ छाटत होते. पानावर फक्त पौडच्या एसटीच्या वेळा. मी म्हटलं, "निदान 'सुस्वागतम' तरी लिहा."

"येणाऱ्याला गाडी गाठायचीय, सायेब. हार घालून घ्यायचा न्हाई."

यंत्राला एका वेळी थोडंच पेलायचं आणि संगतीनं मालकही तसेच झाले होते. अर्धं वाक्य बोलून थांबायचे. आपण "हं" म्हटलं की उरलेलं द्यायचे. आमच्या मीटिंगांमध्ये श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही.

मी त्या पानाचा पत्ता ऑफिसच्या मेलवर टाकला. सगळ्यांनी एकदम पान उघडलं आणि यंत्र गोठलं. मालकांचं नवं काम कॅसेटवर साठवून ठेवायचं राहिलं होतं, ते पुसलं गेलं. ऑफिसात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी ते काळ्या पडद्यासमोर बसले होते.

"लई माणसं आली आज," म्हणाले आणि थांबले.

मी "हं" म्हटलं.

"समद्यांची गाडी चुकली आसंल वो."

"माझं चुकलं, मालक," एवढंच म्हणालो आणि थांबलो.

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "हं."

"ती माणसं मीच पाठवली होती. हसायला. मला माफ करा."