पटलावर न ठेवलेलं भाषण

रविवारी सकाळी हवालदारीण धाकट्या जावेकडे गेली. जावेने दार उघडलं, पण दारातून बाजूला काही झाली नाही.

"या, खासदारबाई. आज इकडे कशी वाट वाकडी केलीत?"

लग्न होऊन आल्यापासून ही जाऊ तिला ताई म्हणत आली होती. दोघींनी सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात शेजारी शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं चादरी झटकल्या होत्या. हवालदारीण हे नावही तिथलंच. चादर न झटकता कुणी मशीनमध्ये कोंबली, की ही लांबूनच अशी दरडावायची, की नव्या मुली हातातलं सोडून उभ्या राहायच्या.

"काय झालं ते सांग. टोमणे मागून मार."

जावेने मोबाइल पुढे धरला आणि मोठ्याने वाचायला लागली. "'धुलाईघरं कंत्राटदारांकडे गेल्याने कामगार भगिनींचं भलंच होईल, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.' कोण बोललं हे? तूच ना? संसदेच्या छापील कामकाजात आहे, तुझ्या नावासकट. धुलाईघरात सगळ्या वाचतायत. मला विचारतात, तुझी जाऊ कितीला विकली गेली?"

"मी असं बोलले नाही."

"मग काय भूत बोललं?"

हे कसं घडलं ते आता हवालदारणीच्या लक्षात आलं.

धुलाईघराचा बॉयलर फुटला, त्या वेळचा संप तिने चालवला होता. पुढे पक्षाला कामगार बाईचा चेहरा हवा होता, म्हणून तिला तिकीट मिळालं आणि ती निवडूनही आली. संसदेत मात्र कुठल्या पक्षाने किती वेळ बोलायचं हे ठरलेलं, आणि पक्षातल्या कुणी बोलायचं हे प्रतोद ठरवणार. हे प्रतोद म्हणजे सदस्यांना शिस्तीत ठेवणारे पक्षाचे गृहस्थ. हिची पाळी आली, की वेळ नेमका संपलेला असायचा. "काही काळजी करू नका ताई, तुमचं भाषण पटलावर ठेवू," असं ते गोड आवाजात सांगायचे. ज्यांना वेळ मिळत नाही त्यांनी लेखी भाषण द्यायचं, ते वाचलं असं धरायचं आणि छापायचं, अशी तिथली पद्धत. भाषण पक्षाचं कार्यालय लिहायचं. ही खाली सही करायची. सुरुवातीला वाचून करत होती. नंतर नंतर नुसतीच.

अशा रीतीने तिच्या नावावर भाषणांचा ढीग साठला होता, आणि सभागृहात तिने अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

"धुलाईघरांच्या विधेयकावर शेवटची चर्चा मंगळवारी आहे," ती जावेला म्हणाली. "मी बोलणार."

"बोललीस तर ये," जाऊ म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी ती प्रतोदांच्या खोलीत गेली. ते खुर्चीतून उठले, हसले, पंखा वाढवला.

"ताई, वेळ कुठे आहे? अर्थतज्ज्ञ बोलणार, डॉक्टर बोलणार. तुमचं ठेवू की पटलावर, नेहमीसारखं."

"माझ्या नावावर काय वाटेल ते छापलंत तुम्ही."

"सही कुणाची?"

"माझी. म्हणूनच ते मला माझ्या तोंडाने खोडायचंय."

प्रतोदांचं हसू मावळलं. "पुढच्या निवडणुकीत तिकीट हवंय ना? मग उद्या गप्प बसा, हात वर करायला सांगितला की हात वर करा. एवढंच काम आहे."

"एवढंच काम असेल तर एखादा पुतळा बसवा माझ्या जागी. तो पगारही मागणार नाही," असं म्हणून ती बाहेर पडली.

मंगळवारी दुपारी सगळ्या पक्षांच्या याद्या संपल्या. मंत्री उत्तर द्यायला उठणार, एवढ्यात शेवटच्या रांगेत हवालदारीण उभी राहिली.

"अध्यक्ष महोदय, मला बोलायचंय."

"आपल्या पक्षाची वेळ संपली आहे," अध्यक्ष म्हणाले. "आपण भाषण पटलावर ठेवा."

"ठेवून ठेवूनच ही वेळ आलीय!"

विरोधी बाकांवर हशा पिकला. प्रतोद मागे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "बसा खाली!"

ती बसली नाही. "अध्यक्ष महोदय, हे माझं पहिलं भाषण आहे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिथला एक जुना रिवाज होता. सदस्य पहिल्यांदा बोलायला उठला, की पक्षाची वेळ संपली असली तरी त्याला वेळ द्यायचा, घंटा वाजवायची नाही आणि कुणी मध्ये तोंड घालायचं नाही.

"पहिलं कसं?" प्रतोद उसळून उठले. "कामकाजाचे खंड काढून पाहा. माननीय सदस्या कितीतरी वेळा बोलल्या आहेत!"

"तुम्ही ऐकलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नोंद आहे ना, महोदय."

"मी नोंदीचं विचारत नाही. यांचा आवाज कधी ऐकलात?"

प्रतोदांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारी बसणारेही छताकडे बघायला लागले.

"पटलावर ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे," अध्यक्ष म्हणाले. "सदस्यांचं हे पहिलंच भाषण. कुणीही अडथळा आणू नये."

तिला गप्प ठेवायचा डाव पक्षाच्याच अंगाशी आला होता.

हवालदारणीने पुढचं बाक घट्ट धरलं. "धुलाईघर कंत्राटदाराकडे द्या, असं माझ्या नावावर छापलंय. सही माझी आहे. न वाचता केली, ती चूक माझी. पण ते बोलणं माझं नाही. ते कुणी लिहवून घेतलं हे मला माहीत आहे, आणि ते गृहस्थ आत्ता इथे बसून माझ्याकडे डोळे वटारतायत. रुग्णालयाच्या चादरीत सुया राहतात, महोदय. त्या आमच्या हातात घुसतात. आज सुई टोचली तर बाईला त्याच रुग्णालयात औषध मिळतं, पगारी रजा मिळते. उद्या तिचा मालक बदलेल, सुई तीच राहील. मग औषध कोण देणार? माझा या विधेयकाला विरोध आहे. माझा पक्ष बाजूने आहे, हे ठाऊक असून विरोध आहे. आणि माझ्या नावावरचं ते भाषण काढून टाका."

"छापलेलं काढता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "आजचंही छापलं जाईल."

"मग दोन्ही राहू द्या. कुठलं माझं, ते धुलाईघरातल्या बायका ओळखतील."

मंत्री मुरलेले होते. औषधाचं पुढे कायद्याचे नियम करताना बघू, असं त्यांनी हसत हसत सांगितलं आणि विधेयक आरामात मंजूर झालं. पक्षाच्या बाकांवरून विरोधात एकच हात वर झाला. तोही असा ताठ, की मोजणाऱ्याची नजर चुकू नये.

संध्याकाळपर्यंत तिला पक्षातून काढल्याचं पत्र आलं. तिकिटाचा विषय संपला. ती पत्र पिशवीत टाकून जावेकडे गेली. जाऊ या वेळी दारातून बाजूला झाली.

"पास झालं म्हणे," जाऊ म्हणाली.

"झालं."

"मग काय मिळवलंस, ताई?"

"शिव्या. पण आता नियम करणार आहेत. औषधाचं बघू म्हणालाय मंत्री. मी त्याला बघू देते की नाही बघ."

नियमांवरची चर्चा पुढच्या आठवड्यात होती. हवालदारणीची जागा आता कुठल्याच पक्षात नसलेल्यांच्या कोपऱ्यात, एका खांबाच्या आड होती. ती उठली. पहिल्या भाषणाचं संरक्षण संपलं होतं. तिच्या जुन्या पक्षाचे सगळे जण एकाच वेळी ओरडायला लागले. बाकं बडवली गेली, कुणी 'गद्दार' म्हणालं, अध्यक्षांनी घंटा वाजवली.

बिचाऱ्यांना कल्पना नव्हती. तिने सारा जन्म मशीनच्या खडखडाटात, आवाज न चढवता, पलीकडच्या बाईशी गप्पा मारण्यात काढला होता. खांबाआडून दोन पावलं पुढे येऊन तिने खालच्या पट्टीत, अजिबात घाई न करता सुरुवात केली, आणि तिचा प्रत्येक शब्द खाली बसून शब्द टिपणाऱ्या लघुलेखकांपर्यंत पोचत राहिला.