अक्काचा पहिला घोट

काविळीचं औषध आमच्या गावात अक्का देते. देते म्हणजे द्यायची. फैजपूरजवळचं आमचं गाव, बघावं तिकडं केळी. अक्काचं घर अगदी शेवटचं, सातपुड्याकडे तोंड केलेलं. तिचे वडील पायथ्याच्या पाड्यावरून केळीच्या मजुरीला खाली आले आणि इथलेच झाले. औषधाची माहिती त्यांची.

औषध म्हणजे भुईआवळी. पावसाळ्यात केळीच्या सरींत आपोआप उगवणारं वीतभर रोप, पानांच्या खाली मोहरीएवढी फळं. मुळासकट उपटायचं, पाट्यावर वाटून ताकात कालवायचं आणि अनशापोटी प्यायचं. अक्काची एक रीत होती. पेला रोग्याच्या हातात देण्याआधी त्यातला पहिला घोट ती स्वतः घ्यायची, त्याच्यासमोर. "माह्या पोटात जाते तेच तुह्या पोटात जाईन," म्हणायची. पावसाळ्यात रोज कोणी ना कोणी तिच्या दारात असायचं. म्हणजे तीही रोज प्यायची.

भुईआवळी ती आमच्या वावरातून न्यायची, विहिरीजवळच्या ओलसर पट्ट्यातून. पुढे निंदणीला बाया मिळेनाशा झाल्या, त्यात केळीवर व्हायरस आला. पानांवर पिवळे पट्टे दिसले की रोप उपटून गाडायचं. तण राहिलं तर रोग राहतो, असं कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. सगळ्यांनी तणनाशक आणलं. मीही आणलं.

"भाऊ, विहिरीजवळचं तं सोडलं ना?" अक्कानं विचारलं.

"तठी पंप नही नेत मी. ते तुहंच आहे, अक्का."

"माहं काय त्याच्यात? काविळवाल्यायचं आहे."

पहिल्या वर्षी मी शब्द पाळला. दुसऱ्या वर्षी त्या पट्ट्याच्या कडेलाच रोग दिसला आणि मी तिथंही पंप फिरवला. फवारलेलं तण लगेच मरत नाही. काही दिवस हिरवंगारच दिसतं. त्याच दिवसांत अक्का ओटी भरून भुईआवळी घेऊन बांधावरून गेली. मी विहिरीच्या मोटारीजवळ उभा होतो. तिनं हात केला, मीही केला. शब्द मोडल्याची लाज वाटली, दुसरं काही नाही. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फवारलं, आणि तोवर सांगायच्या गोष्टी दोन झाल्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात, पट्टा त्याही वर्षी फवारलेला असताना, माझ्या मुलाला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी मी त्याला जळगावला दाखवून आणलं. अक्काला हे कळायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पेला घेऊन दारात.

"काय भो, सारं गाव माह्याकडे येते आन् तुहं पोरगं जळगावले? तुह्या बापाले कावीळ झाली तव्हा तं तो पळत आलता!"

बायको म्हणाली, "डॉक्टरचं औषध चालू आहे, अक्का."

"चालू दे ना माय. डॉक्टरले काय ताकाचा राग येते का?"

आणि आमच्या उंबऱ्यात उभं राहून तिनं तिचा घोट घेतला. पदरानं तोंड पुसलं. पेला माझ्यापुढे केला. मी तो घेतला, "आत नेऊन पाजतो" म्हणालो, मोरीत ओतला आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला.

"घ्या! वाकडं तोंड न करता पिलं वाटते पोरानं," ती म्हणाली.

ती घोट घेत असताना मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. तिचा हात धरता आला असता. पुढच्या सकाळीही ती आली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तिनं घोट घेतला आणि दर वेळी मी उरलेलं ओतलं. मुलगा बरा झाला. नाव अक्काचं झालं, आणि तिच्याकडे येणारे वाढले.

यंदा अक्काचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले. भाच्यानं दवाखान्यात नेलं, तर यकृत संपत आलंय म्हणाले. दारू पिता का, असं विचारलं तेव्हा ती हसली म्हणे. मी एका डॉक्टरला आडून विचारून पाहिलं. फवारणीनं असं होतं का? नक्की सांगता येणार नाही, म्हणाला. त्या उत्तराचा आधार घ्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

शेवटी गेलो. ती खाटेवर पडून होती. मी सगळं सांगितलं, पट्ट्याचं आणि मोरीचंही.

"पोराले नही पाजलं ते बरं केलं," ती म्हणाली. मग विचारलं, "मंग आता कोणाच्या वावरातली चालीन?"

मी मनात एकेक वावर आठवत गेलो. एकही बिनफवारलेलं नव्हतं.

"वर, पायथ्याले?"

"तठीही कपाशीत मारतात, अक्का."

"मंग झालं."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. शेजारच्या गावचं जोडपं होतं, माणसाचे डोळे हळदीसारखे झालेले. अक्कानं पडल्यापडल्याच त्यांना सांगितलं, "औषध बंद झालं. माह्या हातचा गुण गेला." बाई रडायला लागली. खरं कारण सांगू शकणारा मी खाटेजवळच उभा होतो. ते निघून गेले.

आमच्याकडे लोक मानतात की औषध देणाऱ्याच्या हातचा गुण एकाच कारणानं जातो. त्यानं लपून पैसे घेतले तर. अक्कालाही हे माहीत होतं. आता चहाच्या टपरीवर तेच चालू असतं. म्हातारीनं पैसे खाल्ले असतीन, नही तं असा रोग लागते का? मी तिथंच बसलेला असतो.

परवा त्यातल्या एकानं मला विचारलं, "तुह्या पोराले तं तिनंच बरं केलतं ना?"

मी हो म्हणालो.