अक्काची कोरी चप्पल

आमचं चपलांचं दुकान आहे. सोलापुरात, भर बाजारात, वडिलांनी टाकलेलं. म्हणजे मी जन्मभर लोकांच्या पायांशी बसत आलोय. गिऱ्हाईक स्टुलावर, मी खाली, त्याचा पाय माझ्या मांडीवर. माणूस दारातून आत येईस्तोवर मला त्याचा नंबर कळलेला असतो. तो सात म्हणतो, मी आठ काढून ठेवतो, आणि शेवटी तो आठच घेऊन जातो. कुणाच्या टाचेला भेगा, कुणाला कुरूप, कुणाची शुगर वाढलीय, हे मी तळवे बघून सांगायचो. चारदोन जणांना तर मीच दटावून डॉक्टरकडे पाठवलंय. त्याचा मला ताठाही होता.

आणि माझ्या स्वतःच्या डाव्या तळव्याला, करंगळीच्या मागे, काळा डाग दिसला तेव्हा मी काय म्हणालो? नव्या चपलेचा रंग लागलाय.

असलं निदान चपलेच्या दुकानदारालाच सुचायचं. काळ्या चपलेचा रंग घामानं पायाला लागतो आणि चार दिवसांत जातो, हे मी गिऱ्हाइकांना ऐकवतच असतो. स्वतःलाही तेच ऐकवलं. वज्रीनं घासला, जाईना. मग चप्पल बदलली, त्या कंपनीचा माल ठेवणंच बंद केलं आणि एजंटाला फोनवर चार शब्द सुनावले. वर्षभरानं बायकोला चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. मेलानोमा म्हणाले. कातडीचा कॅन्सर, आणि तो तळपायाला होतो! इतकी वर्षं पायांवर जगलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली.

ऑपरेशनमध्ये तीन बोटं आणि त्यामागचा तुकडा गेला. तेव्हापासून मी मोज्यात असतो. बुटाच्या पुढच्या भागात फोम भरला, चालायला शिकलो. बायको सोडून तो पाय कुणाला दाखवला नाही. दिवाळीत पोरं पाया पडायला वाकली की मी पाय मागे ओढून घ्यायचो, असू दे, असू दे म्हणायचो. लोकांना वाटे, किती विनम्र माणूस! विनम्र कसला, मला भीती वाटायची की एखाद्याचा हात मोज्याच्या रिकाम्या टोकाला लागेल.

मग जांघेत गाठ आली, मग छातीच्या फोटोत डाग दिसले. इंजेक्शनं झाली. त्यांनी काही दिवस आवर घातला, मग तीही चालेनाशी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की नेहमीची औषधं आता संपल्यात जमा आहेत, पण पुण्यात एका मोठ्या इस्पितळात नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे. अजून बाजारात न आलेलं औषध. निवडक पेशंटवर प्रयोग करतात, तुमचे कागद पाठवू का?

पाठवा म्हणालो. प्रयोग तर प्रयोग.

माणूस धडधाकट चालता-फिरता लागतो, असं कळलं होतं. तपासणीच्या आधी मी रोज दुकान उघडायच्या वेळी शटर अर्धं ठेवून चालायचा सराव केला. चपलेच्या दुकानात आरसे जमिनीलगत असतात, त्यात फक्त पाय दिसतात. त्या आरशांपुढून मी इकडून तिकडे जायचो, लंगडणं दिसतंय का ते बघत. पन्नाशी उलटलेला माणूस नवरीमुलगी असल्यासारखा, दाखवायच्या कार्यक्रमाची तालीम करत होता. पुण्यात नवाकोरा बूट घालून डॉक्टरीणबाईंपुढे असा काही चाललो की बाई म्हणाल्या, "छान चालता की तुम्ही!" मी त्यावर दिवसभर खूश होतो. बायकोनं परतताना गाडीत माझा बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं चिकटला होता.

आता अक्काचं सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर सगळा जन्म माढ्याकडच्या एका खेड्यात गेला, शेळ्यामेंढ्या आणि ज्वारी. नवरा गेल्यावर ती मुलाकडे सोलापुरात आली, शुक्रवार पेठेत, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. दुपारी माझी भाकरी दुकानात आणून द्यायचं काम तिनं स्वतःहून ओढून घेतलं. "तुजी बायकू शिकल्याली हाय, तिच्या भाकरीला पापुद्रा येत न्हाय," हे बायकोच्या तोंडावर म्हणून. बायको हसून सोडून द्यायची.

पुण्याहून आलो आणि दुसऱ्याच दुपारी अक्का दुकानाच्या पायरीवर अनवाणी उभी. मे महिना. डांबराला पाय लावणं सोडा, बाहेर हात काढवत नाही असं ऊन.

"चप्पल कुठाय?"

"ठिवली काडून. तुळजापूरच्या आईला बोल्ले. भावाला ते पुन्याचं औशद सुरू झालं की मगच पायात चप्पल घालीन."

मी नुसता संतापलो. अक्काला शुगर आहे. तिच्या तळव्यांतली जाणीव केव्हाच गेलीय. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पायात खिळा घुसला तरी तिला कळायचं नाही. शुगरवाल्यांच्या पायाचं पुढं काय होतं हे मला कोण सांगणार? जोड विकत घेऊन एकच चप्पल घालणारी गिऱ्हाइकं आहेत माझी. मी ओरडलो, हातापाया पडलो. ती भाकरीचा डबा उघडत म्हणाली, "चपलेच्या दुकानदाराची भैन अनवानी. लोकं हासत्याल, म्हनून भ्या वाटतंय व्हय तुला?"

खरं सांगतो, तेही थोडं वाटत होतं.

माझा सगळा जीव आता दोन गोष्टींत अडकला. पुण्याचा फोन आणि अक्काचे तळवे. फोन आला. बाई चांगल्या होत्या, चाचरत बोलल्या. डोक्याच्या एमआरआयमध्ये लहानसा ठिपका दिसलाय, नियमात बसत नाही, ट्रायलमध्ये घेता येणार नाही. मी "बरं, बरं" म्हणत राहिलो, जसं माल पाठवता येत नाही म्हणणाऱ्या एजंटाला म्हणतो तसं. मग बाईंनी आणखी एक वाट काढली. ट्रायलबाहेर, दयेपोटी औषध द्या म्हणून कंपनीला विनंती करता येते. त्या अर्जाला मी माझा सहकुटुंब फोटो जोडला. कुणी मागितला नव्हता. फोटोत अक्काला मुद्दाम पुढे बसवलं होतं, म्हातारी बघून दया येईल म्हणून. कंपनीचं सभ्य भाषेत उत्तर आलं, सध्या शक्य नाही.

त्या दिवशी मला मरणाचं जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं नाकारलं गेल्याचं वाटलं. दुकानात शोकेसमध्ये उन्हानं रंग उडालेला एकेक पाय, म्हणजे एकटी चप्पल, असतो. त्याचा जोड सापडत नाही, तो कुणी फुकटही नेत नाही. तसा मी. प्रयोगालासुद्धा चालत नाही असा माणूस. हे बहिणीला कोणत्या तोंडानं सांगू? आणि सांगितलं तर तिचा नवस कधी फिटणार? ती जन्मभर अनवाणीच राहणार.

मग मी खोटं बोललो. बायको म्हणाली, "सरळ सांगून टाका, त्यांच्याशी खेळू नका." मी तिलाही गप्प बसवलं. अक्काला म्हणालो, औषध सुरू झालं. सलाईन कसं लावतात, खोली कशी गार असते, नर्स कुठल्या गावची, सगळं रंगवून सांगितलं. शुगरवाल्यांसाठी येते ती मऊ, जाड तळाची चप्पल काढली, अक्काला स्टुलावर बसवलं आणि माझ्या हातानं तिच्या पायात घातली. ती चप्पल बघत राहिली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

खोट्याला पाय नसतात, म्हणून त्याला उचलून फिरवावं लागतं. महिन्यातून एकदोनदा मी 'पुण्याला' जाऊ लागलो. सकाळच्या गाडीत बसायचं, कुर्डुवाडीला उतरायचं, फलाटावर दिवस काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. अक्का पहाटे उठून भाकऱ्या, शेंगाचटणी, वर दशमी बांधून द्यायची. इस्पितळातलं काहीबाही खाऊ नको म्हणायची. ती शिदोरी मी कुर्डुवाडीच्या बाकावर बसून खात असे. घास फिरायचा तोंडात, पण टाकून द्यायची हिंमत झाली नाही. एवढी लाज मला माझ्या तुटक्या पायाचीही कधी वाटली नव्हती. पण दुपारी अक्काच्या चपला पायरीवर दिसायच्या, आणि मी मनात म्हणायचो, चालतंय की. तिचा पाय तरी वाचला.

अशातच यंदाच्या उन्हाळ्यातली ती दुपार. अक्का पायरीवर चपला ठेवून आत आली, डबा उघडायला बसली. बाहेर चपलांवर ऊन आलं. मऊ चप्पल तापली की पाय भाजतो, म्हणून त्या सावलीत ठेवायला मी उचलल्या.

मला कळायला एक नजर पुरली. आठवडाभर घातलेल्या चपलेतही बोटांचे आणि टाचेचे काळपट ठसे उमटतात. अक्काच्या चपला आतून कोऱ्या होत्या. उलट्या केल्या. तळाला नंबराचं स्टिकर जसंच्या तसं.

मी तसाच आत आलो आणि तिच्या पायांशी बसलो. तिला काही कळायच्या आत एक पाय मांडीवर घेतला. तळवा जनावराच्या खुरासारखा झाला होता. अंगठ्याच्या मुळाशी जखम होती, चांगली खोल, आत काचेचा कण चमकत होता. तिला पत्ताच नव्हता. ती भाकरी मोडत होती.

"अक्के, चप्पल घालत नाहीस तू."

तिनं भाकरी खाली ठेवली. "तुज्या पायरीपतूर पिशवीत आनते. मग हितं ठिवते. तू इतक्या हौसंनं घातलीस, न्हाय कसं म्हनू?"

"पण औषध तर..."

"आरं, मला ठावं हाय की. तू खरं बोलतोस तवा दोन सबुद बोलतोस. त्या दिशी नर्सच्या गावापतूर समदं सांगितलंस."

म्हणजे इतके महिने मी तिच्यासाठी नाटक करत होतो आणि ती माझ्यासाठी. शिदोरीसुद्धा तिनं ठाऊक असून बांधली होती. मी मान वर करू शकलो नाही. तिच्या पायाशीच बोललो. म्हणालो, "औषध मिळणार नाही अक्के. आता नाही आणि पुढेही नाही. डोक्यात गेलंय. तुझा नवस फिटायचा नाही. मी जायचा तेव्हा जाईन, पण तुझा पाय सोबत घेऊन जायचं नाहीय मला. एवढं ऐक."

डोक्याचं तिला ठाऊक नव्हतं. तिचा पाय माझ्या हातात थरथरला, ते मला कळलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"घालते चप्पल. आईची माफी मागीन म्यां. पर आदी तुजा पाय दाव."

"काय बघायचंय त्यात?"

"इतकं दिस त्याच्यासाटी मागत हुते. बगितला कुटं हाय म्यां?"

मी उठलो. दारात कुणी येतंय का बघितलं. मग स्टुलावर बसलो, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर. बूट काढला, फोमचा तुकडा काढला आणि मोजा निम्म्यावर आणून थांबलो, शेवटी तिनंच तो ओढला. समोरच्या बुटक्या आरशात दोन पाय दिसत होते, एक आखा, एक निम्मा. मी डोळे मिटून घेतले. तिनं माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. बोटं जिथं होती तिथं अंगठा फिरवला, शिवणीवरून सावकाश, जन्मलेल्या कोकराला चाचपतात तसा. मी लहान पोरासारखा रडलो.

तीही रडत होती. पण आमची अक्का ती. नाक ओढत म्हणाली, "जगाचं नंबर सांगतोस. तुला आता कितीचा लागतो रं?"

मी डोळे उघडून आरशात बघितलं. मग दोघांनाही हसू फुटलं, आणि बाहेर एक गिऱ्हाईक येऊन, आत डोकावून, तसंच परत गेलं.

काच त्याच दुपारी डॉक्टरांनी काढली. जखम भरायला फार वेळ घेतेय, पण पाय राहील म्हणतात. अक्का आता घरातसुद्धा चप्पल घालते. मी अजून मोज्यातच असतो, फक्त ती डबा घेऊन आली की काढून बसतो. ती पायरीवर चपला काढते, मी त्या सावलीत ठेवतो आणि ठेवताना आत बघतो. आता ठसे चांगले उमटलेत. पाचही बोटांचे.