ताई, म्हणजे कशासारखं?

मुलांसाठी लिहिणाऱ्याकडे गोष्टी कमी आणि गोष्टी वाचून दाखवतानाचे किस्सेच जास्त जमतात! मी दादरला राहायचे आणि एका मासिकात बालकथा लिहायचे. गिरण्यांच्या संपानंतरच्या त्या वर्षांत दर रविवारी लालबागच्या एका चाळीत जाऊन नवी गोष्ट आधी तिथल्या पोरांना ऐकवायचे. छापायला द्यायची ती नंतर!

*

पहिल्याच रविवारी वाचलं, "राजकन्येचे डोळे मासोळीसारखे होते."

मंदाची आई बाजारात मासे विकायची. मंदाने लगेच विचारलं, "ताजी की शिळी?"

"काय फरक पडतो गं?"

"असं काय ताई! शिळीचे डोळे आत गेलेले असतात!"

पुढच्या गोष्टीपासून माझ्या सगळ्या राजकन्या ताज्या!

*

"राजपुत्राच्या पोटात कावळे ओरडू लागले," असं वाचलं. मग दिन्या हळूच म्हणाला,

"राजाची पण मिल बंद पडली काय?"

*

एकदा वारा नायिकेच्या कानात कुजबुजला.

"काय म्हणाला?" सुनीताने विचारलं.

"काही नाही गं, लिहायची पद्धत असते ती."

"कुजबुजला म्हणजे काहीतरी बोललाच असणार! तुम्ही लपवताय!"

सगळी पोरं तिच्या बाजूने! वारा काय म्हणाला ते ठरेपर्यंत गोष्ट एक ओळ पुढे सरकू दिली नाही!

*

आमच्या संपादकांचं, अण्णांचं, ठाम मत होतं, "मुलांना उपमा झेपत नाहीत. काढून टाका!" आमची जोरदार जुंपली. शेवटी मी त्यांना लालबागला ओढूनच नेलं.

अण्णांनी पोरांना विचारलं, "शांत म्हणजे कशासारखं?"

सुनीता म्हणाली, "बाबा जेवायला बसतात आणि टोपात भात कमी असतो ना, तेव्हा घर होतं तसं."

परतताना अण्णा परळला थांबले. मग म्हणाले, "त्या मुलीला लिहायला लावा. तुम्ही थांबा जरा!"

*

आणि हा शेवटचा. मी मोठ्या उत्साहात वाचलं, "राक्षस मिलच्या भोंग्यासारखा ओरडला!"

छोटा बाळू म्हणाला, "भोंगा कसा ओरडतो?"

समोरची मिल बंद पडली तेव्हा तो पाळण्यात होता. दारात सुनीताचे बाबा उभे होते. पूर्वी मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे, आता हातगाडीवर भाजी विकायचे. ते आत आले, तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि पोटातून भोंगा काढला. आधी खर्जात, मग चढत चढत!

पोरं चेकाळलीच! सगळ्यांनी मिळून सूर धरला. भिंती दणाणल्या, गॅलऱ्या माणसांनी भरल्या, लोक हसत टाळ्या वाजवू लागले!

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे सावंत दाजी घाईघाईने बाहेर आले. सगळी उमर मिलमध्ये गेलेला माणूस. शर्टाची बटणं लावत, पायाने चपला शोधत, आत बायकोला हाक मारत होते,

"गो, डबो भरलंस काय?"