सहा पायांचा कोळी

आमच्या नांदेडच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई मुलांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरातलं काहीतरी जातं. सशासाठी कापूस गेला. कोळ्यासाठी करवंटी आणि नव्या खराट्याच्या काड्या गेल्या. एवढं करून नातीनं घरी आणलेल्या कोळ्याला पाय सहाच.

मी तडक बालवाडीत गेलो. "बाई, कोळ्याला आठ पाय असतात. पुस्तकात मोजले मी."

"हाव दादा, म्हाईत हाय," हाताचा डिंक पुसत बाई म्हणाल्या. "पण तुमची नात मोजून लावून राहिली. तिला सहापर्यंतच येतं. उरलेले मी लावले, तर कोळी माझा व्हईल."

मी वैतागून परतलो.

काल नातीनं खराट्यातून आणखी दोन काड्या ओढल्या. "सात, आठ," ती म्हणाली.

खराटा मीच धरला होता.